तिसऱ्या मजल्यावरची पहिली भाकरी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला भाबडी म्हणायला नको. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत एका बाईच्या अंगात आलं होतं. सगळे हात जोडून उभे... आणि मी मागून जाऊन तिच्या दंडाला कचकन चिमटा काढला. देवी "आई गं!" म्हणून किंचाळली. घरी मला मार बसला, पण या विषयावरचा माझा अभ्यास त्या दिवशीच पूर्ण झाला. भूत, करणी, भानामती — काही नाही. पुढे मी मृदाशास्त्र शिकले, म्हणजे मातीचा अभ्यास. ज्याचा लॅबमध्ये रिपोर्ट निघत नाही ते नाहीच, असं माझं मत. आजही बऱ्यापैकी तसंच आहे. बऱ्यापैकी म्हणते, कारण त्या एका शुक्रवारचा रिपोर्ट मला अजून लिहिता आलेला नाही.

मी पाथर्डी तालुक्यातली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या. आमचा भाग डोंगराकडेचा, कोरडा. पावसाळा संपला की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं. माझे आई आणि आण्णा, म्हणजे वडील, आजही जातात. त्यामुळे माझं लहानपण दरवर्षी नव्या गावाच्या शिवारात, नव्या कोपीत गेलं. कोपी म्हणजे बांबू, उसाचं पाचट आणि वर ताडपत्री घालून केलेली झोपडी. तिला दार नसतं. आईची जुनी साडी आडवी बांधली की झालं दार.

नव्या जागेवर गेलं की आईची एक ठरलेली रीत. कोपी उभी राहिली, तीन दगडांची चूल मांडली, की पहिल्या भाकरीचा चतकोर मोडून ती बाहेर ठेवणार. जागेवाल्यासाठी. म्हणजे त्या जागेचा जो कोणी राखणदार असेल त्याच्यासाठी.

"आपुन त्याच्या घरात आलोय," आई म्हणायची. "आदी त्याला, मंग आपल्याला."

"आई, ती भाकरी कुत्रं खातं. मी बघितलंय."

"मंग त्योच आसंल जागेवाला. तुला काय तरास हाय?"

अशा बाईशी वाद घालून काय मिळणार!

तर ऊसतोड मजुरांच्या मुलांची साखरशाळा, मग तालुक्याचं वसतिगृह, मग नगरचं कॉलेज असं करत करत दोन वर्षांपूर्वी मी सरकारी शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेले. छोटंसं शहर आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. निघताना आईने माझ्या बॅगेत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि आमचा लोखंडी तवा कोंबला. तव्यामुळे विमानतळावर बॅग दोनदा उघडावी लागली. मी विमानात बसले आणि त्याच आठवड्यात आई-आण्णांची टोळी ट्रकमध्ये बसली. त्यांना त्या वर्षी कोल्हारच्या अलीकडचा उसाचा फड मिळाला होता, नगर-मनमाड रोडवरून आत, प्रवरेच्या बाजूला. म्हणजे नव्या जागेतला पहिला आठवडा माझाही होता आणि त्यांचाही.

मला वाटलं होतं, नव्या जागेत रुळण्यात आपला हात कोण धरणार? जन्मभर तेच तर केलंय. कसलं काय... पहिल्याच दिवशी मी कचरा चुकीच्या रंगाच्या डब्यात टाकला आणि कुणीतरी माझ्या दारावर चिठ्ठी चिकटवली. ती मोबाईलवर भाषांतर करून वाचली, तर त्यात 'कृपया' तीन वेळा होतं आणि तरीही ती शिवीसारखी लागत होती. नावनोंदणीच्या ऑफिसात एक कागद कमी निघाला. पहिल्या लेक्चरला प्रोफेसर काहीतरी बोलले, सगळे हसले, मीही हसले, आणि मग शेजारच्या मुलीने काय विनोद झाला ते मलाच विचारलं.

पण खरं दुखलं ते वेगळंच. चार दिवसांत माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. ऑफिसात स्पेलिंग विचारायचे, पुढे नंबर. कोपीत निदान शेजारची बाई येऊन "कुठल्या गावच्या गं तुमी?" म्हणायची. इथे कॉरिडॉरमध्ये समोरून माणूस आला की तो मान हलवायचा आणि त्याच्या मागे दार लागायचं. खट्. दिवसभर ती खट् ऐकून मला रडू यायला लागलं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ठरवलं — परत जायचं. आईला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायचं. ती चिडणार नाही हे मला माहीत होतं. "बरं, ये" म्हणेल आणि मग कोपीबाहेर जाऊन एकटीच बसेल. तेच जास्त वाईट होतं.

शुक्रवारी दुपारी क्लास नव्हता. भारत साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे एक वाजता तिथे साडेचार. तोवर आई फडातून कोपीवर येते. म्हटलं, आधी भाकरी करू, पोटभर खाऊ, मग सांगू. उपाशीपोटी असली बातमी देववत नाही. आल्यापासून मी नुसत्या ब्रेडवर होते. ही माझी जर्मनीतली पहिली भाकरी.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. आत कोपऱ्यातच ओटा आणि दोन गोल पाट्यांची विजेची शेगडी. तवा ठेवला, पीठ मळलं, भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवायचं बाकी होतं, तेवढ्यात तव्याला लागलेल्या पिठाचा धूर व्हायला लागला. छतावर धुराचा अलार्म होता आणि तो वाजला तर अग्निशमनवाले येतात, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. खोलीच्या खिडकीचा खटका मला अजून उमगला नव्हता, म्हणून मी दार उघडून कॉरिडॉरची खिडकी उघडायला बाहेर आले. साडीचं दार असलेल्या घरात वाढलेल्या मुलीला बाहेर पडताना चावी घ्यायचं सुचतच नाही हो. मागे खट्!

ते दार बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. चावी आत. मोबाईल आत. तापलेल्या तव्यावर भाकरी... आणि मी बाहेर अनवाणी, हाताला पीठ.

शेजारची तिन्ही दारं बडवली. कुणी नाही. तशीच जिना उतरून समोरच्या इमारतीत धावले. तिथे हाउसमास्टर बसायचा. हाउसमास्टर म्हणजे त्या सगळ्या इमारतींची देखभाल करणारा माणूस. साठीचा, आमच्या पोलीस पाटलासारख्या मिशांचा. त्याची जेवणाची सुट्टी होती, दाराला कुलूप. मी पायरीवर उभी राहून आमच्या खिडकीकडे बघत राहिले. आता धूर दिसेल, मग अलार्म, मग बंब... आणि मला आपोआपच घरी पाठवतील, तोंड काळं करून. मला परत जायचं होतं, पण असं नव्हतं जायचं. हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं.

शेवटी हाउसमास्टर आला, माझ्या हातवाऱ्यांवरून काय ते समजला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाला. दार उघडलं तेव्हा पंचवीस मिनिटं तरी होऊन गेली असतील.

धूर नव्हता. खोलीभर खरपूस भाजलेल्या बाजरीचा वास होता. शेगडीचं बटण शून्यावर. तवा खाली उतरवून बाजूच्या गार पाटीवर ठेवलेला. आणि भाकरी स्टीलच्या किटलीला टेकवून उभी केलेली. चुलीवर करणाऱ्या बायका भाकरी शेवटी निखाऱ्यांच्या आराला उभी करतात ना, अगदी तशी. दोन्ही बाजूंनी भाजलेली, टम्म फुगून नुकतीच बसत आलेली.

हाउसमास्टर मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तू बंद करून गेलीस."

मी म्हटलं, "नाही."

"मग विसरलीस."

मी विचारलं, शेगडी आपोआप बंद होते का? तो हसला. म्हणाला, ही शेगडी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे, तिला एवढी अक्कल नाही. दुसरी किल्ली फक्त त्याच्या जुडग्यात होती. खिडकी आतून बंद.

मी भाकरी हातात घेतली. पाणी फिरवल्यावर भाकरीवर बोटांच्या रेघा उठतात. पाणी मी फिरवलंच नव्हतं, पण रेघा होत्या. चार. आणि त्यातली मधली एक तोकडी, बाकीच्या तिघींच्या अर्ध्यावरच थांबलेली.

माझ्या आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट कडबाकुट्टीत अर्धं गेलेलं आहे. मी जन्मल्यापासून त्याच रेघांची भाकरी खात आलेय.

हाउसमास्टरला रेघांचं काय, त्याचं लक्ष भाकरीवर होतं. त्याने नाकाने वास ओढला आणि हे काय, असं खुणेनं विचारलं. मी एक चतकोर मोडून त्यावर चटणी घातली आणि त्याला दिला. तो उभ्या उभ्या खाऊ लागला. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं आणि बोट चाटलं. मग माझं नाव विचारलं. मी कागदावर लिहून दाखवलं; तिथे J चा उच्चार 'य' करतात. "यायाश्री," तो म्हणाला. मी म्हटलं, जयश्री. "यायाश्री," तो पुन्हा ठामपणे म्हणाला. खिशातून सुतळीसारखी दोरी काढून माझ्या चावीत ओवली आणि गळ्यात घाल म्हणाला. तो गेला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की नव्या जागेतल्या पहिल्या भाकरीचा पहिला चतकोर त्या जागेच्या राखणदाराला गेला होता. मी न ठरवता.

उरलेली भाकरी मी रडत रडत खाल्ली. फोटो काढायचं सुचलंच नाही. तुम्ही पुरावा मागाल म्हणून सांगते, पुरावा आम्ही दोघांनी खाल्ला.

तेवढ्यात फोन वाजला. आण्णांच्या मोबाईलवरून आई.

"जये, जेवली का?"

"जेवले. तू?"

"कुटलं! आत्ता चूल पेटली. लाकडं समदी वली. आन आज येक गंमतच झाली बघ... बोटं पोळली माजी."

"कशी?"

"काय की बाई. चूल पेटलीच न्हवती. नुसतं पीठ मळून बसले हुते, आन एकदम तव्याचा बसतो तसा चटका बसला. चारी बोटांना. शेजारची गयाबाई लई हसली मला. म्हनली, बिनचुलीचा चटका पयल्यांदाच बघितला."

"कधी?"

"झाला की आर्दा तास."

मी फोन कानाला धरून किटलीकडे बघत बसले. तिला वाटलं रेंज गेली. "हॅलो, हॅलो" करून झाल्यावर ती म्हणाली, "तुज्या आवाजावरनं कळतंय मला. करमत न्हाई व्हय? आगं, नवी जागा आठ दिस कुनालाच गोड लागत न्हाई. तुला काय नवीन हाय का ते? कोपीत पयल्या दिवशी तू किती रडायची, आन कोपी उटवताना त्याच्यापेक्षा जास्ती रडायची."

"आई, मी..."

"बोल की."

"काही नाही. बोटांना तेल लाव," मी म्हटलं. परत येते, हे वाक्य त्या दिवशी तोंडातून निघालं नाही, आणि नंतर त्याची गरजच पडली नाही. सोमवारी कमी पडलेला कागद मिळाला. हाउसमास्टर रोज लांबूनच "यायाश्री!" ओरडायचा, ते ऐकून शेजारची मुलं-मुलीही तसंच म्हणायला लागली. आता माझा प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे.

खूप विचार केलाय मी यावर. घाबरलेल्या माणसाला आपण काय केलं ते आठवत नाही, हे मान्य. कदाचित बाहेर पडायच्या आधी मीच भाकरी उलटली असेल, भाजली असेल, बटण बंद केलं असेल. पण माझी बोटं पूर्ण आहेत. आणि चटक्याचं आईने मला आधी सांगितलं, मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. याच्या पुढे माझी गाडी सरकत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी खरंच ऐकेन. फक्त लिंबू-मिरची सुचवू नका.

गेल्या वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा उजवा हात धरून बघितला. चारी बोटांच्या टोकांना पुसट पांढरे डाग होते, अर्ध्या बोटालासुद्धा. मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं — दार, धूर, किटली, रेघा. तिने थापणं थांबवलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मला वाटलं ती देवाचं नाव घेईल, डोळे पुसेल, काहीतरी करेल.

तिने फक्त मान वर करून विचारलं, "कडंला कच्ची न्हवती ना ऱ्हायली?"

"नाही आई," मी म्हटलं. "चांगली भाजली होती."