ओरिओंनी दाखवलेला बांध

ओरिओ माझे सासरे. किलिमांजारोच्या आमच्या उतारावर त्यांच्यासारखा बडबड्या माणूस नव्हता, असं जुनी माणसं सांगत. मला काही ते खरं वाटेना. मी सून होऊन आले तेव्हा ते खाली मान घालून केळीच्या बागेत गवत उपटत बसलेले असत. सगळं मला सासूबाईंकडून कळलं.

इंग्रज आणि जर्मन साहेब मुलखाची हद्द आखायला आले, तेव्हा मोजणीचा बांबू धरायला सासरे होते. त्यांना लाल टोपी मिळाली होती. सासूबाई म्हणत, "झोपतानाही काढत नव्हते गं."

एका जागी दोन्ही साहेबांचं जुंपलं. आमच्या सरदाराची हद्द कुठं संपते, ते कुणालाच सांगता येईना. सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. पण साहेब माझ्याच शब्दावर चालतात, असं ते गावभर सांगून बसलेले. आता सगळ्यांसमोर माहीत नाही कसं म्हणायचं? त्यांनी समोरच्या झाडांच्या रांगेकडे बोट केलं.

ही लांब पानांची झाडं आमच्याकडे बांधावर लावतात. त्यांना हात लावून कुणी खोटं बोलत नाही. साहेबांनी तसा हात लावायला सांगितला.

"हा बांध आमच्या आजोबांनी घातला," सासरे म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त तो त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, किलेवोच्या, बागेमधला बांध होता, एवढंच त्यांनी गिळलं.

खांब तिथंच रोवला गेला. सासरे जर्मनांकडे, किलेवो इंग्रजांकडे. दोघांच्या आईला पुरलं होतं किलेवोच्या बागेत. तिथं जायचं तर शिपायाची परवानगी हवी. लोक विचारत, "काय ओरिओ, परदेशातला भाऊ बरा आहे ना?"

शेवटी त्याच झाडाचं पान गाठ मारून ते किलेवोकडे गेले. असं पान आणलेल्याला आमच्यात माफी नाकारता येत नाही.

किलेवोनं पान घेतलं. "माफ केलं, दादा. आता दुसरं काय म्हणता येणार मला?"

मग केळ्यांची दारू आली. भाऊ एकाच पोकळ भोपळ्यातून पितात, म्हणून किलेवोच्या बायकोनं एकच भोपळा आणला होता. किलेवोनं तिला परत आत पाठवलं.

"दुसराही आण. पाहुणे आलेत."

सासऱ्यांनी आपला भोपळा रिकामा केला.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, मिटलं का? मिटलं म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.