नवऱ्याच्या कानातली गप्प बाई

दर बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याच्या कानात एक बाई गप्प बसायची. बोलली असती तर मी एकवेळ सोसलं असतं. बोलणाऱ्या बाईशी भांडता येतं. ही पुण्याहून फोन लावायची, "बसूया?" एवढं विचारायची आणि मग तासभर चूप. आणि माझा नवरा, जो लग्नापासून कधी ताट संपेपर्यंत एका जागी बसला नव्हता, तो त्या तासात कॉम्प्युटरसमोर खिळून काम करायचा. मी लोटलेल्या दाराला कान लावून उभी राहायची. आतून माऊसच्या टकटकीखेरीज काही ऐकू यायचं नाही, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ही दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट. आमगावला घराच्या पुढच्या खोलीत आमचा फोटो स्टुडिओ होता, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. मी सालेकशाकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण. नवरा फोटो असे काढायचा की बघत राहावं. मांडवात दोनशे माणसं असली तरी कोपऱ्यात डोळे पुसणारा नवरीचा मामा त्यालाच दिसायचा. पण फोटो काढून झाले की त्यातून निवडून अल्बम लावणं त्याच्याच्यानं होत नसे. आमच्याकडे लग्नाचा अल्बम बारशाला मिळतो, अशी बाजारात थट्टा होती. एक गिऱ्हाईक तर पोरगं कडेवर घेऊनच आलं आणि म्हणालं, "भाऊ, आता यालेच टाका पहिल्या पानावर."

लोक हसायचे, मी हसत नव्हते. मला वाटायचं, हा माणूस आळशी नाही, मूर्ख नाही, मग याला झालंय काय? आणि मी इथे असताना तो सुधारत का नाही? शाळेत मी चाळीस पोरं एका जागी बसवत होते. घरातला एक बसत नव्हता.

शेवटी पुण्याला दिलेल्या माझ्या नणंदेनं त्याला धरून नागपूरच्या मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, एडीएचडी आहे. लहान पोरांचा समजतात तो प्रकार, लक्ष न टिकण्याचा. पण पुष्कळांचा मोठेपणीही राहतो. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, सोबत एक कोच लावा. ही कोच म्हणजे डॉक्टर नव्हे. दिवस आखायचा कसा, मोठं काम तुकड्यांत कसं तोडायचं, सुरुवात कशी करायची, यात ती मदत करते. नणंदेनंच पुण्यात एक बाई शोधून दिली, फोनवरून काम करणारी.

मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. बायको शिक्षिका, आणि याला बसायला शिकवायला पुण्याची बाई.

पहिले दोन महिने काही जमलं नाही, आणि मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? बाई रोज संध्याकाळी मेसेज करायची, 'आज किती झालं?' साधा प्रश्न. हा तो वाचायचा आणि फोन तांदळाच्या पिंपात ठेवून द्यायचा, खाली तांदूळ, वर झाकण. पुढे पुढे तो जुन्याच अल्बमांचे फोटो नवे म्हणून तिला पाठवू लागला. ते पाहून माझ्या काळजाला गार वाटलं. चला, तिलाही फसवतो. म्हणजे मी एकटी नाही.

मग एका रविवारी काय झालं कोणास ठाऊक. फोनवर बराच वेळ बोलणं झालं. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. त्यानंतर 'किती झालं' हा मेसेज येणं बंद झालं. नवराच तिला फक्त 'बसलो' आणि 'उठलो' असं कळवायचा. तो महिन्यातून एकदा नागपूरलाही जाऊ लागला, त्याच डॉक्टरांकडे, नुसतं बोलायला. आणि हे गप्प बसणं सुरू झालं. काम करताना कोणी सोबत असलं की अशा माणसांचं मन ठिकाणावर राहतं, म्हणे. अल्बम भराभर निघू लागले. पावसाळ्याच्या आत आधीच्या वर्षीची सगळी लग्नं उरकली.

गाव खूश होतं, नणंद खूश होती. मी जळत होते.

सोबतच हवी होती तर मी काय मेले होते? आणि मी बसले नव्हते असंही नाही. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला सांगून ठेवलं होतं, "त्याच्या पुढ्यात बसत जा पोरी. मी पुढ्यात बसलो म्हून तो मॅट्रिक निंगाला." मामाजी स्वतः गुरुजी होते. ते गेल्यावरही त्यांचा शब्द माझ्यासाठी प्रमाण. मी त्यांचीच वेताची खुर्ची ओढून नवऱ्याच्या अगदी समोर बसायची, अधूनमधून त्यांच्यासारखंच "हं, किती झालं?" विचारायची. नवरा पाणी प्यायला उठायचा. पंखा कमी करायला उठायचा, मग वाढवायला. एकदा तर तो माऊसवर हात ठेवून किती तरी वेळ बसून राहिला आणि पडद्यावर काही म्हणजे काही हललं नाही. शेवटी मीच कंटाळून उठले. माझ्या सोबतीत दगड होणारा माणूस तिच्या सोबतीत फुलतो, याला जळू नको तर काय करू?

शाळेतल्या गोंदियाच्या मॅडमनं सल्ला दिला, "फोन चेक करो, बहनजी. मर्द का क्या भरोसा." मी चेक केला. बाईचा फोटो होता: साठीची, पांढरे केस कापलेले, मांडीवर मांजर. तरुण असती तर निदान जळायला रीतसर कारण तरी मिळालं असतं. तिचं वय पाहूनही माझं जळणं तीळभर कमी झालं नाही, तेव्हा मला कळलं की मी काही त्या अर्थानं जळत नाही. त्याच्या बाजूची माझी जागा तिला मिळाली होती. मला ती जागा परत हवी होती.

एका बुधवारी काम चालू असताना पुढे गिऱ्हाईक आलं आणि नवरा कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवून गेला. मी आत शिरले आणि तो कानाला लावला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग बाई मांजराला हळूच काहीतरी म्हणाली. भाजी चिरल्याचा आवाज आला. एवढंच. ती तिचं घरचं काम करत होती आणि माझा नवरा त्याचं.

"आलात?" तिनं विचारलं.

"मी त्यांची बायको बोलते," मी म्हटलं. "तुम्ही असं काय केलं की ते तुमच्याजवळ बसतात आणि माझ्याजवळ नाही?"

ती मग म्हणाली, "मी काही केलं नाही. त्यांना तुमच्याजवळ का बसवत नाही ते मी सांगू शकत नाही, ती त्यांची गोष्ट आहे. तुम्ही त्यांना विचारा. पण बसवून विचारू नका."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याचं गुपित, माझ्यापासून राखून ठेवणारी ही कोण? अकरा वर्षं त्याच्या पोळ्या मी लाटल्या. पण रागाबरोबर एक गोष्ट पक्की झाली. काहीतरी होतं, आणि ते तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.

विचारलं तर तो म्हणाला, "सांगीन." आणि नेहमीसारखं ते सांगायचं राहून गेलं. मीही पुन्हा विचारलं नाही. अबोला धरला. आमच्या घरात त्याला अबोला चालला आहे हे कळायलाच आठवडा गेला, ही गोष्ट वेगळी.

दिवाळी झाली, गावोगाव भरणाऱ्या मंडयांच्या जत्रा झाल्या, लग्नसराई तोंडावर आली. एका रविवारी फोन आलाच नाही. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मॅडमनं म्हटलं, आता घरचंच कोणी पाहा सोबतीले. मी काही जलमभर पुरणार नाही." मग खाली पाहून म्हणाला, "तू बसशील काय?"

मी लगेच हात पुसले. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते चालत दारात आलं होतं. मी वेताची खुर्ची ओढायला गेले तर तो म्हणाला, "ते नको. खाली बस. अन् तोंड तिकडं करून बस, भिंतीकडं."

आमच्या लोकांत सासऱ्यापुढे सून पाठमोरी बसते. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं. पण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मामाजींनी मला म्हटलं होतं, "इकडं तोंड करून बस, पोरी. मले माह्या घरात कोणाची पाठ पाहाची नाही." मान म्हणजे काय ते मला त्या एका वाक्यात मिळालं होतं. आणि आता त्यांचा मुलगा मला भिंतीकडे तोंड करायला सांगत होता.

"मी का तुमची सून आहो, पाठमोरी बसाले?" मी म्हटलं. "त्या बाईले तं कानात बसवता, अन् मले भिंतीकडं?"

तो रागावला नाही. "बसून त पाहा," एवढंच म्हणाला.

मी बसले. रागानंच बसले. समोर ताट घेतलं आणि लाखोळीची डाळ निवडायला लागले, खडे टण्‌टण् आवाज होईल असे वाटीत टाकत. मागे माऊसची टकटक सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. 'किती झालं' माझ्या ओठांवर दोनदा आलं. गिळलं. ताटातली डाळ अर्धी झाली असेल तेव्हा तो बोलायला लागला. काम न थांबवता, जसं काही फोटोशीच बोलतोय.

म्हणाला, "बाबा पुढ्यात बसत. त्याच खुर्चीत. मांडीवर बेशरमाच्या झुडपाची काडी. माही नजर खिडकीकडं गेली का तळव्यावर एक. मंग विचारत, किती झालं? मी काय सांगू? झालेलं काही राहेच नाही."

मी निवडत राहिले.

"काडी मलेच तोडून आणा लागे, नाल्यावरून. मी जाओ, अन् मासोळ्या पाहात बसून जाओ. कायले आलो तेच भुलून जाओ. मंग बाबाच येत." तो हसला, खरंच हसला. "ते आले का मले आठवे."

आता मी हे नीट मांडू शकते, तेव्हा जमलं नसतं. कोचची सगळी हत्यारं साधी असतात: वेळ ठरव, कोणी सोबत बसव, कोणी झालेल्या कामाचं विचारू दे. ज्याला कधी मार बसला नाही त्याला ती लागू पडतात. माझ्या नवऱ्याला 'किती झालं' हे वाचल्यावर तळहात झोंबायचे. त्या बाईनं खोटे फोटो पकडले तेव्हा ती चिडली नाही, तिनं अंगात काय होतं ते विचारलं. जुन्या माराचं काम माझं नव्हे, त्यासाठी डॉक्टरांकडे जा, म्हणून तिनंच त्याला नागपूरला धाडलं, आणि आपल्या वाट्याला फक्त गप्प बसणं ठेवलं. हुशार बाई होती. हे म्हणताना अजूनही मला थोडं जड जातं.

पण त्या रविवारी मला एकच लागलं होतं. मी भिंतीला विचारलं, "तिले सांगतलं. मले काऊन नाही सांगतलं?"

माऊस थांबला.

"तुले कसं सांगू? तुयासाठी ते देवमाणूस होते. तुले चहा करून देत. आजारी पडली तं उशाशी बसत. मी दारातून पाहून राहू." माऊसची टकटक पुन्हा सुरू झाली. "मले लय जळाले होये तुयावर. म्हटलं, हेच हात होते त. मंग म्हटलं, राहू दे. कोणाजवळ तं बाबा चांगले राहू दे."

जळणं काय असतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी वर्षभर एका गप्प बाईवर जळत होते. तो लग्नापासून माझ्यावर जळत होता, मला चहा करून देणाऱ्या आपल्या बापाकडे पाहत, आणि त्यानं त्याचा चटका मला एकदाही लागू दिला नव्हता.

मला वळून त्याचा चेहरा पाहायचा होता. मान अर्धी वळलीही होती. पण वळले असते तर तो पाणी प्यायला उठला असता, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मी तोंड भिंतीकडेच ठेवलं, आणि डाळीतले खडे आवाज न करता वाटीत ठेवू लागले.