झुरळाची जीभ

राजपुऱ्यात एकटे राहणारे कडूभाऊ एकतीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. झुरळाच्या तोंडाचे सातही भाग चिमट्याने अलग करून काचपट्टीवर मांडावेत ते त्यांनीच. त्यातला सगळ्यांत नाजूक भाग हायपोफॅरिंक्स, म्हणजे झुरळाची जीभ. मुलांकडून ती हमखास फाटायची, कडूभाऊंकडून कधीच नाही. पुढे कॉलेजात झुरळं कापणं बंद झालं आणि कडूभाऊही निवृत्त झाले.

परवा मोरीत मेलेलं झुरळ दिसलं. ते चष्मा लावून बसले आणि तासाभरात जीभ अखंड निघाली. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी सुरतेला लेकीला फोन लावला.

"पूजा, आज हायपोफॅरिंक्स काढलं."

"ते काय असतं, बाबा?"

"झुरळाची जीभ."

"शी बाबा, मी जेवतेय! तुमचं जेवण झालं ना?"

"हो," ते म्हणाले. भात अजून शिजायचा होता.

दुसऱ्या दिवशी काचपट्टी रुमालात गुंडाळून ते कॉलेजात गेले. नव्या मॅडमनी ती उजेडाकडे धरली. "छान आहे, भाऊ. पण आता सगळं स्क्रीनवरच दाखवतो," असं म्हणून त्या तासाला गेल्या.

कडूभाऊंनी कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढलं, काचपट्टी ठेवली आणि शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत एकटेच बघत राहिले.