उघड्या कपाळाची सरदारीण

बाप गेला आणि मायचा कुंचला सुटला. तोवर अमडापुरात लग्न निघालं की भिंतीवर हत्ती-मोर काढायला तिलाच बोलवत. विधवेच्या हातचं चित्र लग्नघराला चालत नाही, म्हणून ती कापूस वेचायला जाऊ लागली. त्याच मजुरीवर मी शिकलो. आमच्या घरातला पहिला बी. ए. मीच.

गावच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हा शाळेची भिंत मायकडून रंगवून घेतली. आपले स्वातंत्र्यवीर भिंतीवर काढले असते तर इंग्रज साहेबानं पुसायला लावले असते. म्हणून स्वातंत्र्यासाठी तुर्कांशी लढलेले ग्रीसचे वीर काढू म्हटलं. त्यांचे घेरदार झगे पाहून लोक हसले, "मास्तर, हे शिपाई हायेत का नाचे?"

शेवटी त्यांच्यातलीच, जहाजं घेऊन लढलेली एक बाई काढायची होती. मायनं विचारलं, "नवरा व्हता का तिले?"

"दोन झाले. दोन्ही वारले."

मायनं तिचं कपाळ कोरंच ठेवलं.

पाटलीणबाई चित्र पाहायला आल्या. "कपाळ काऊन उघडं ठेवलं व?"

"विधवा व्हती ते. तरी तिच्याच हुकमानं जहाजं चालत."

पाटलीणबाई चित्राच्या आणखी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "माह्या पोरीच्या लग्नाची भिंत तूच काढजो. कोणी बोललं, तर त्याले माह्याकडं धाडजो."

त्या वैशाखात मायनं पाटलांची भिंत भरदिवसा, साऱ्या गावादेखत रंगवली.