सिस्टरांची मोटारसायकल

कुठेही मोटारसायकल उभी दिसली की वेखंडे सिस्टर तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहत. चेहरा असा, की कुणाची तरी वाट बघत आहेत. पण कंबर हळूच सीटला लावलेली असे, आणि सीट आपल्याला कुठवर येते याचा अंदाज चाललेला असे. तहसील कचेरीबाहेर, हळदीच्या मांडवासमोर, एकदा तर मयतीला गेलो असतानासुद्धा. गाडीचा मालक येऊन "काय पायजे, बाई?" म्हणाला की त्या म्हणत, "काय नाय. उंच हाय तुमची गाडी." आणि चालू लागत. मी त्यांच्यासोबत असे. गाडीवाला मग माझ्याकडे बघे आणि मी दुसरीकडे.

आमचं उपकेंद्र शेणव्याच्या पुढे, डांबर संपतं त्याच्या जरा अलीकडे. सिस्टर तिथे नर्स, मी आरोग्य सेवक. माझं घर वैशाखऱ्याला, मुरबाड तालुक्यात. नोकरीपुरती शहापुरात खोली घेतली होती. सिस्टर शहापुरातच राहत. पन्नाशी ओलांडलेली, उंचीने कमी, अंगाने भरलेली बाई. बोलताना समोरच्याला हाताने थांबवायची सवय. "थांब रे जरा," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही कुणी तसं म्हटलं की मला आधी चीड येते आणि मग त्या आठवतात.

उपकेंद्राखाली आठ-दहा पाडे होते. पोरांचं लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बाळंतिणींच्या भेटी. दर सोमवार सगळ्यांत लांबच्या पाड्याचा. त्याला सगळे वरचा पाडा म्हणत. एसटी फाट्यापर्यंत, पुढे जीप मिळाली तर मिळाली, नाही तर पायी. बहुतेक वेळा सिस्टर माझ्या गाडीवर मागे बसून यायच्या, मांडीवर लसींची पेटी घेऊन. मी नसलो की त्यांचं सगळं अडायचं.

एकदा मला काही दिवस ट्रेनिंगसाठी ठाण्याला बोलावलं. तेवढ्यात वरच्या पाड्यावरून सकाळी फोन आला, की हिरीबाईला ताप भरलाय. हिरीबाई आठवड्यापूर्वी बाळंत झालेली. सिस्टर फाट्यावर जीपची वाट बघत उभ्या राहिल्या. जीप आली नाही. दोघा-तिघा मोटारसायकलवाल्यांना हात केला, कुणाला त्या बाजूला जायचं नव्हतं. शेवटी चालत निघाल्या. पोचल्या तोवर दुपार झाली होती आणि हिरीबाई कुणाला ओळखत नव्हती. तिला झोळीत घालून खाली आणली, मग अँब्युलन्स. ती वाचली, पण थोडक्यात. तिच्या अंगावर दूध पिणारं पोर आजीने कितीतरी दिवस वरच्या दुधावर ठेवलं.

मी परत आलो तेव्हा सिस्टर लसींच्या फ्रीजचा काटा बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "संदीप, मला गाडी घ्यायचीय."

"स्कूटी घ्या की. हलकी असते."

"तुजी स्कूटी त्या ओढ्यातनं वर येल का?"

ओढ्यातले दगड माझ्या डोळ्यासमोर आले. त्यांच्या पुतणीची स्कूटी एकदा तिथेच अडकली होती. लहान चाक दोन दगडांमध्ये बसलं ते निघता निघेना.

"मोटारसायकलच पायजे," त्या म्हणाल्या. "बारकी. पण मोटारसायकल."

घरी हे कळलं. वेखंडेकाका आसनगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी विरोध केला नाही. फक्त "ह्या वयात?" एवढंच म्हणाले. आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर तेवढंच म्हणत राहिले. शिकाऊ परवाना निघाला, "ह्या वयात?" हेल्मेट आणलं, "ह्या वयात?" मुलगा कल्याणला. तो फोनवर बॅटरीवाल्या स्कूटरचे व्हिडिओ पाठवायचा. सिस्टर त्याला म्हणाल्या, "आमच्याकडं दोन दोन दिवस लाइट नसते रे. तुजी बॅटरी काय तोंडानं फुंकून भरू?"

मग आमचे रविवार सुरू झाले. मी माझ्या हातांनी माझे रविवार त्यांना दिले, कारण त्यांना एकटीला दुकानात कुणी उभं करत नव्हतं, आणि माझ्यासोबत गेल्या तर सगळे माझ्याशीच बोलत. शहापूरच्या पहिल्याच दुकानात विक्रीवाला पोरगा मला म्हणाला, "सर, मागची सीट ऐसपैस आहे. मॅडमना काही त्रास होणार नाही."

"मागं हा बसल," सिस्टर म्हणाल्या. "पुढं मी."

तो हसला. त्याला गंमत वाटली. मग त्याने आम्हाला आतल्या बाजूला नेऊन गुलाबी आणि आकाशी स्कूटर दाखवल्या. सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. भिंतीकडेच्या एका मोटारसायकलवर त्या चढून बसल्या. त्या दिवशी मुद्दाम पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या. दोन्ही पावलं हवेत. एका बाजूला कलल्या तेव्हा कुठे एक अंगठा फरशीला लागला. चालवून बघते म्हणाल्या तर पोरगा त्यांचा परवाना बघून पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, मॅडमचं शिकाऊ लायसन आहे. तुम्ही चालवून बघा ना."

"मी चालवून काय करू?" मी म्हणालो. "गाडी त्यांची हाय."

तो किल्ली खिशात टाकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

असं प्रत्येक ठिकाणी झालं. आणि सल्ले. ज्याला भेटू त्याच्याकडे सल्ला होता. एक म्हणे, चढाला शंभर सीसी दम टाकील, सव्वाशे घ्या. दुसरा म्हणे, शिकणाऱ्याला सव्वाशे जड. कुणी म्हणे सेल्फ स्टार्टच घ्या, कुणी म्हणे किक असलेलीच, बॅटरी उतरली तर रानात काय करणार. सिस्टर सगळ्यांचं मन लावून ऐकत. मला वाटे, आता ठरलं. बाहेर पडलो की त्या म्हणत, "थांब रे जरा. अजून बघू."

उन्हाळा संपत आला. माझ्या बायकोने विचारलं, "तुमी सिस्टरांसाठी गाडी बघताय का मुलगी?" मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मग एकदा मुरबाडला गेलो. तिथे एक शंभर सीसीची गाडी मिळाली, साधी, हलकी, सीट खाली. सिस्टर बसल्या आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. पूर्ण. मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुकानदार स्वतः आले होते, वयस्कर, आदराने बोलणारे. ते चक्क सिस्टरांशी बोलत होते. क्लच नरम आहे, बघा, ताई. ब्रेक बघा.

सिस्टर खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "आता ही आडवी पाडा."

दुकानदारांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"जमिनीवर आडवी करा. मला उचलून बघायचीय."

"ताई, नवीन गाडी आहे."

"म्हणून तर. जुनी झाल्यावर बघून काय उपेग?"

ते हात जोडायचे बाकी राहिले. त्यांनी समजावलं, मी समजावलं. खाली गोणपाट घाला, सिस्टर म्हणाल्या. नाही जमणार, ते म्हणाले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आम्ही बाहेर पडलो. टाचा टेकणारी, नरम क्लचची, लाल रंगाची गाडी आत राहिली.

सरळगावला चहाला थांबलो तेव्हा मी भडकलो. "सिस्टर, तुमाला गाडी घ्यायचीच नाय. टाइमपास चाललाय हा. उंची बघितली, झाली. वजन बघितला, झाला. आता पाडायची म्हणता. कोण विकत घ्यायच्या आधी गाडी पाडून बघतो?"

त्यांनी चहा संपवला. ग्लास बाजूला ठेवला.

"तुज्यासोबत असताना मी पडले तर तू उचलशील," त्या म्हणाल्या. "मी एकटी हाय. ओढ्यात पडले. पेटीत लस हाय, ऊन चढतंय, बरफ वितळतोय. तिथं कोण येणार गाडी उचलायला? ती चालवायला मी शिकंन रे. पण पडणार तर हायच. जी मला एकटीला उचलता येल तीच माजी गाडी. बाकी सगळ्या तुमच्या."

मला राग आवरला नाही, हे खरं. परत येताना किन्हवलीपर्यंत मी गाडी जोरात हाणली. तिथे, ज्या गोष्टीसाठी इतके रविवार घालवले ती आधीच सांगितली असती तर काय बिघडलं असतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आधी सांगला असता तर तू तिथंच 'नाय जमणार' म्हणाला असतास." म्हणालो असतो.

गाडी शेवटी किन्हवलीच्याच एका गुरुजींकडे मिळाली. वापरलेली, टाकीवर पोचा, पण इंजिन चांगलं. गुरुजींनी नवी घेतली होती. सिस्टरांनी अट सांगितली तेव्हा गुरुजी म्हणाले, "पाडा की. मी पण लई वेळा पाडलीय." अंगणात गाडी आडवी झाली. सिस्टरांनी हँडल धरून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. गुरुजींच्या बायकोने पुढे होऊन हात लावला तर तिला हाताने थांबवलं. मग त्या वळल्या, गाडीकडे पाठ केली, खाली बसून एका हाताने हँडल आणि एका हाताने मागचा दांडा धरला, सीटला कमरेचा रेटा दिला आणि मागे पावलं टाकत उठल्या. गाडी उभी राहिली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हीच," त्या म्हणाल्या.

शिकणं हा आणखी एक छळ होता. बाजाराच्या मोकळ्या मैदानात आम्ही सकाळी जायचो. क्लच सुटला की गाडी उडी मारून बंद. पुन्हा किक. पुन्हा उडी. "ह्या क्लचला काय माज्याशी वैर हाय का?" त्या चिडून म्हणत. मी सांगायचो, हळू सोडा. त्या म्हणायच्या, हळूच सोडते. मी म्हणायचो, त्याहून हळू. कुंपणापाशी माणसं उभी राहून बघत, मोबाइलवर व्हिडिओ काढत. परवान्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला आठाच्या आकड्यात पाय खाली टेकला आणि त्या नापास झाल्या. घरी काकांनी फक्त बघितलं, बोलले नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "मनातल्या मनात बोललात तरी मला ऐकू येता." दुसऱ्या खेपेला पास झाल्या. त्या दिवशी त्यांनी उपकेंद्रात सगळ्यांना पेढे दिले, पण मला मात्र म्हणाल्या, "आता तुजे रविवार तुला."

पुढची दोन-अडीच वर्षं सोमवारी त्या एकट्याच वरच्या पाड्यावर गेल्या. पेटी मागे रबराने बांधलेली, वेग सायकलीपेक्षा थोडाच जास्त. पडल्याही. ओढ्यात, उतारावर, एकदा शेणव्याच्या भर चौकात. कोपर सोलून यायच्या, स्वतःच आयोडीन लावायच्या. एका पावसाळ्यात पाड्यावरच्या एका बाईला अपरात्री कळा नकोत म्हणून दोन दिवस आधीच स्वतः जाऊन खाली घेऊन आल्या, मागे बसवून. तिचा नवरा गाडीमागून धावत आला, सिस्टर पाडतील या भीतीने.

त्या वारल्या त्या घरीच. सकाळी चहा टाकताना डोकं धरून खाली बसल्या. मेंदूत रक्तस्राव. शहापूरहून कल्याणला नेईपर्यंत संपलं होतं. गाडी त्या वेळी दाराशी उभी होती, आदल्या दिवशी धुतलेली.

पण मयतीलाच माझ्या कानावर आलं, "मोटारसायकलवरून पडल्या म्हणे." मी सांगितलं, नाही, घरी गेल्या. तो माणूस म्हणाला, "तरी पण. ह्या वयात कशाला ते?" दहाव्याला आणखी दोघांनी तेच सांगितलं. गेल्या महिन्यात मुरबाडच्या स्टँडवर एक ओळखीचा भेटला, तो म्हणाला, तुमच्या त्या सिस्टर ओढ्यात गेल्या ना? मी त्याला सगळं नीट सांगितलं. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, बायकांनी जपायला पायजे. किती जणांना सांगणार? वेखंडेकाकांनी सांगायचं सोडून दिलं आहे. मी सोडलेलं नाही, पण उपयोग होत नाही.

बाराव्याला वरच्या पाड्यावरच्या बायका आल्या. पहाटे निघून, चालत. मांडवात न येता बाहेर पेरूच्या सावलीत बसून राहिल्या. मी पाणी घेऊन गेलो. हिरीबाई होती त्यांत, लेकाला कडेवर घेऊन. तिच्या शेजारी एक कोवळी पोर, पोट दिसू लागलेली. हिरीबाईने पाणी घेतलं, पोराला पाजलं आणि विचारलं, "सोमवारला कोन येल?"

सिस्टरांच्या जागी अजून कुणी दिलेलं नव्हतं. देणार असं नुसतं ऐकत होतो. मी म्हणालो, "तोवर मी येईन."

ती त्या पोरीकडे बघून मग माझ्याकडे वळली. राग नव्हता तिच्या बोलण्यात.

"तुमी नको, दादा," ती म्हणाली. "बाईमानूस पायजे."