अहल्याक्कांनी खाद्य चाखलं

अहल्याक्कांना मासा ताटात बघवत नाही आणि टाकीत उपाशी बघवत नाही. राजाजीनगरात राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत रुजलेल्या शाकाहारी मराठी घरातल्या त्या. घरी सासूबाई आहेत, चातुर्मासात त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. नवरा गेल्यावर दोन बस बदलून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे, आमच्या जिताडा माशांच्या टाक्यांवर कामाला येऊ लागल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली. काम एकच: माशांना खाद्य देणं. मगात दाणे घ्यायचे, मूठभर टाकायचे, मासे कसे झेपावतात ते बघायचं, मग पुढची मूठ. "दोन नंबर टाकीतल्यांना आज आधी भांडायचंय, मग जेवायचंय," असं त्या म्हणाल्या की खरंच तसं असायचं.

मी तिथला मॅनेजर विद्याधर, मूळचा मालवणचा. मत्स्यशास्त्र शिकून आलेला, म्हणजे उंटावरचा शहाणा. फेब्रुवारीत मी एक शहाणपणा केला. खाद्याच्या पोत्यांसाठी एक एसी लावलेली खोली होती, ती मी माझी केबिन करून टाकली आणि पोती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवली. पोत्यांना कशाला हवा एसी, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणालोही होतो.

एप्रिलात पत्रा तापला. एका सोमवारी अक्का मग हातात घेऊनच केबिनमध्ये आल्या. "सर, खाद्य खवट झालंय. मासे तोंडात घेऊन टाकून देतायत."

"अक्का, तुम्हाला मासळीचं सगळंच खवट वाटणार," मी हसून म्हणालो. समोर बसलेले दोघे-तिघे कामगारही हसले.

"सरी, बरं," म्हणून त्या गेल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला आणि फोन उचलला.

गुरुवारपर्यंत अकरा मासे मेले. बाकीचे काळवंडून तळाला बसले. पाणी तीनदा तपासलं, त्यात काही दोष नव्हता. मेलेला एक मासा कापला, तर तांबूस हवं ते यकृत पिवळट, तेलकट निघालं. खाद्यात माशाचं तेल असतं. ते उष्णतेनं बिघडलं की जीवनसत्त्वं मरतात आणि यकृताची अशीच वाट लागते. पुस्तकातलं ते पान मला अजून पाठ आहे. मी मासेखाऊ माणूस. दोन दाणे जिभेवर ठेवले असते तर एका मिनिटात निकाल लागला असता. मी चाखले नाहीत, कारण निकाल मला ठाऊक होता. मालकांना मात्र सांगितलं, "मेलेला मासा तपासणीला पाठवलाय, आठ दिवस लागतील."

शुक्रवारी मालक आले. उपेंद्र, तेही इथल्याच मराठी घरातले. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून आलेले, त्यामुळे आधीच तापलेले. टाक्या बघितल्या, खाद्याची वही बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खाद्य कोण देतं? अक्का. वय झालं, हाताला अंदाज राहिला नाही. उद्यापासून अक्का नकोत."

मी त्यांच्या हातातली वही घेतली आणि मिटली.

"स्वल्प थांबा, अण्णा," अक्का म्हणाल्या. "खाद्य खवट आहे, हे मी सोमवारीच सांगितलं. माल आल्या आल्या प्रत्येक लॉटच्या नमुन्याची एक बाटली फ्रिजमध्ये ठेवतात. याच लॉटची बाटली आणा, पोत्यातलंही आणा. मला न दाखवता वाट्यांत घाला. कुठलं कुठलं ते मी सांगते. चुकले तर उद्या येत नाही."

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उपेंद्रांनी स्वतः पाच वाट्या भरल्या. मी बाटलीचं झाकण उघडून दिलं. अक्का चुकाव्यात, असं मला त्या क्षणी वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं.

अक्कांनी पहिली वाटी नाकाशी नेली, दुसरी नेली. शेडचा वास सगळीकडे भरलेला, त्यात काही कळेना. त्यांनी पदरानं हात पुसला, डोळे मिटले आणि पहिल्या वाटीतले दाणे तोंडात टाकले.

"अक्का, राहू द्या," उपेंद्रच म्हणाले. मी म्हणायला हवं होतं.

त्यांनी चावलं. पाणी पिऊन दुसरी वाटी. तोंड वाकडं करून कोपऱ्यात थुंकल्या, चूळ भरली. तिसरी, चौथी, पाचवी.

"पहिली आणि चौथी बाटलीतली," त्या म्हणाल्या. "बाकीची तीन पोत्यातली. जुन्या खोबऱ्यासारखी घशाला धरतात."

पाचही बरोबर होत्या. उपेंद्र वाट्यांकडे बघत राहिले. "लॉट एकच. मग बिघडलं कुठं?"

उत्तर अक्कांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसतं डोळ्यांतलं पाणी पुसलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "एसीची खोली मी घेतली. अक्कांनी सांगितलं होतं, मी हसलो."

उपेंद्रांनी खाद्य ताबडतोब बंद करायला लावलं आणि नवा माल मागवला. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची होती. "तुमचं सोमवारी बघतो," एवढंच ते मला म्हणाले.

अक्का बाहेर नळावर होत्या. मी जाऊन माफी मागितली. माझ्यामुळे त्यांना नको ते तोंडात घालावं लागलं, असं काहीबाही बोललो.

"खवट होतं ते थुंकलं, सर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. मग आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं. "चांगलं होतं ते गिळलं. चौथ्या वाटीतले दाणे तर दोनदा घेतले." त्यांनी नळ बंद केला. "घरी सासूबाईंना चाखलं म्हणून सांगणार आहे. आवडलं, ते तुम्हालाच सांगितलंय."