माझ्याच पासवर्डची डबी

तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी फक्त तुम्हालाच दुरुस्त करता येते आणि जिच्या भरवशावर दुसरं कुणी श्वास घेतं?

आमच्याकडे होती. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात बाबांनी आयुष्यभर पर्चे, म्हणजे लोकांना त्यांचे हक्क सांगणारी पत्रकं, वाटले. प्रत्येक पर्च्याच्या तळाशी एक ओळ असे: वाचून पुढे द्या. मी अक्षरं त्या पर्च्यांवरच शिकलो. पुढे बाबांची फुप्फुसं थकली आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. लाइन, म्हणजे वीज, गेली की यंत्र बंद, मग कुणीतरी धावत येऊन सिलिंडर सुरू करायचं. आई गल्लीच्या तोंडाशी पायाच्या मशीनवर शिलाई करायची. म्हणून मी दोन स्वस्त वायफाय डब्या आणल्या. लाइन गेली की खाटेजवळची डबी कळवायची आणि आईच्या मशीनवरची वाजायची. डब्या आणि राउटर बॅटरीवर चालत राहायचे, आणि घरचं वायफाय गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायचं.

वर्षभरात विकणाऱ्या कंपनीने आपला सर्व्हरच बंद केला. डब्या मुक्या झाल्या. मी पेटलो. बाबांच्या श्वासाची घंटा परक्या शहरातल्या कंपनीच्या मर्जीवर का वाजावी? डब्या उघडल्या, कंपनीचं सॉफ्टवेअर पुसलं आणि कुणालाही फुकट मिळणारं, कुणालाही वाचता येणारं खुलं फर्मवेअर भरलं. एक चिप जास्त व्होल्ट देऊन जाळली, ती बदलली. घंटा वाजली तेव्हा मी घरात भाषणच ठोकलं.

बहीण म्हणाली, "दादा, मले बी दाखव ना."

"तू बिघडवशील."

"हौ, तूच एक हुशार!"

मी डब्यांना पासवर्ड घातला आणि नागपूरला नोकरीवर गेलो.

मग इंटरनेटवाल्याने राउटर बदलला. नवं वायफाय, नवं नाव. डब्या जुनंच नाव शोधत राहिल्या. बहिणीचा फोन आला, "डबीचा दिवा लुकलुकून राह्यला. पासवर्ड मांगते."

"लुकलुकू दे. हात लावू नको. रविवारी येतो."

शनिवारी दुपारी बहीण बाहेर गेली असताना लाइन गेली. घंटा वाजली नाही म्हणून आई निवांत ब्लाउज शिवत होती. पाणी प्यायला घरी आली तेव्हा बाबा खाटेखाली पडले होते, एक हात सिलिंडरकडे.

ते वाचले. पण आता दोन शब्दांनंतर थांबतात. दवाखान्यात मला म्हणाले, "कंपनीचं कुलूप... तोडलं... अन् आपलं... लावलं... काहून रे?"

डबी आता नीट चालते, पासवर्ड बहिणीलाही ठाऊक आहे. पण आई शिलाईला जात नाही. यंत्राच्या घरघरीला कान लावून खाटेजवळ बसते. घंटेवर तिचा विश्वास उरलेला नाही.

म्हणून आजच एक कागद घ्या. पासवर्ड आणि काय बिघडलं तर काय करायचं, ते घरातल्यांना कळेल अशा भाषेत लिहा. भिंतीवर चिकटवा. मग हात मागे बांधून उभे राहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ती वस्तू एकदा चालू करू द्या.